पाच टाक्यांचं ऑपरेशन

"हे बघा वस्ताद." मगदूम डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाच्या पेटीवर अडकवला आणि पेनचं टोक त्यावर टेकवलं. "गुडघ्याच्या खाली चार बोटं. नडगीचं हाड इथं मोडलंय. तीन तुकडे आहेत."

मला हाडातलं काय कळतंय? मला त्या फोटोत इंद्रजित खोतचा उजवा पाय तेवढा दिसत होता. त्या पायाच्या रेट्यावर पोरानं दोन वर्षांत सतरा निकाली कुस्त्या मारल्या होत्या आणि येत्या हंगामात तो राज्याच्या गदेपर्यंत जाणार, असं मी साऱ्या कोल्हापूरला सांगत सुटलो होतो. त्या दिवशी सकाळी गवळ्याच्या गोठ्यावरून धारोष्ण दूध घेऊन तो तालमीकडं येत होता. वळणावर उसाच्या ट्रॅक्टरनं दाबलं आणि मोटारसायकल पायावर घेऊन तो चरीत पडला. लोकांनी उचलून टेम्पोत घातला तेव्हाही त्यानं पहिल्यांदा दुधाची किटली कुठं गेली ते विचारलं होतं.

"कापायला किती लागंल?" मी विचारलं.

"पूर्वी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उघडायला लागायचं. आता नाही." डॉक्टर चाळिशीच्या आतले होते, मुंबईला शिकून नुकते आले होते आणि समजावून सांगायची त्यांना आवड होती. त्यांनी स्वतःची पँट वर करून नडगीवर बोट ठेवलं. "गुडघ्याजवळ एक चीर, खाली एक बारीक चीर. वरच्या चिरेतून धातूची पट्टी कातडीखालून खाली सरकवायची. बाहेर टीव्हीवर हाड दिसतं, त्यात बघून स्क्रू मारायचे. मोडलेली जागा उघडायचीच नाही. म्हणजे तिथलं मांस, रक्त सगळं जागच्या जागी राहतं आणि हाड लवकर जुळतं."

"टाकं किती पडतील?"

"वर तीन, खाली दोन. पाच धरा."

"आन् डाग?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, लग्नाचं पोर आहे म्हणून विचारतोय. माझं कारण वेगळं होतं. फडात पैलवान उतरतो तो लंगोटावर, अंगावरचं काही झाकलेलं नसतं. समोरच्या वस्तादाची नजर पहिल्यांदा डाग शोधते. लांबलचक वण दिसला की तो आपल्या पोराच्या कानात सांगतो, इथं धर. माझ्या स्वतःच्या खांद्यावर तसा वण आहे आणि त्यापायी मी तीन कुस्त्या हरलो. पाच टाके म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टर आणखीही बोलत होते. "पण वस्ताद, एक ध्यानात ठेवा. वरून टाके पाच असले तरी आत मार मोठा आहे. पोटरीतल्या मांसावर चिवट आवरण असतं, ते फुगत नाही. आत सूज वाढली की मांस स्वतःच्याच जागेत आवळलं जातं आणि त्याला रक्त मिळत नाही. त्याची पहिली खूण दुखणं. साधं नाही, जिवाच्या पलीकडचं. तसं दुखलं तर लगेच सांगायचं. मग काही तासच हातात असतात."

"व्हय व्हय," मी म्हणालो. पाच टाके ऐकल्यावर पुढचं मी एका कानानं ऐकलं.

आमच्या तालमीतला एक रिवाज इथं सांगायला पाहिजे. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, लढत करताना जो कण्हेल, ज्याच्या तोंडून 'आई गं' निघेल, त्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे अख्ख्या हौद्याची माती एकट्यानं उकरायची आणि त्या दिवशी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. माझ्या वस्तादानं हा रिवाज माझ्यावर चालवला आणि मी तो पोरांवर चालवला. तालमीतला असा एकही पोरगा नव्हता की ज्यानं कधी ना कधी एकट्यानं हौदा उकरला नाही. इंद्रजित मात्र आठ वर्षांत एकदाही उकरायला गेला नव्हता. बोट निखळलं तरी, कान फुटला तरी ब्र काढला नाही. पाहुणे आले की मी त्याला पुढं करून हे सांगायचो आणि तो खाली मान घालून हसायचा.

ऑपरेशन दुपारी तीनला झालं, साडेचारला तो बाहेर आला. पायाला पांढरंशुभ्र बँडेज, त्यावर रक्ताचा ठिपका नाही. मी त्याच्या गावात, हौसाक्काच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. हौसाक्का म्हणजे त्याची आई. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि दोन म्हशींवर तिनं हे पोर वाढवलं होतं. ती फोनवर रडायलाच लागली.

"येते मी वस्ताद, आत्ता निगते."

"कशाला येतासा? पाच टाक्यांचं काम. म्हशींची धार कोन काढनार? मी हाय न्हवं उशाला."

"तुमी हायसा म्हनून ऱ्हाते बगा. न्हाईतर जीव ऱ्हात न्हाई माझा."

असं मी तिला थांबवलं. ती आली असती तर पोरानं तिला सांगितलं असतं. आईला सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

रात्र बरी गेली. कमरेत दिलेल्या इंजेक्शनचा आणि रात्रीच्या औषधाचा अंमल होता. सकाळी सातच्या सुमारास मी खालच्या गाड्यावरून दोन चहा घेऊन आलो, तर इंद्रजित टक्क जागा. थंडीचे दिवस असून कपाळावर घाम होता.

"वस्ताद."

"काय रं?"

"दुखतंय."

आठ वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

"कुठं?"

"पोटरीत. आतनं कुनीतरी फाडतंय असं वाटतंय. सोसंना वस्ताद."

मी चादर वर करून बघितलं. बँडेज कोरं करकरीत. एवढ्याशा चिरा आणि एवढं दुखणं, हे काही माझ्या डोक्यात बसेना. खोटं कशाला बोलू, मला राग आला. वाटलं, एका अपघातानं पोरगं हबकलं. अशी हबकलेली पोरं मी बघितली आहेत, ती पुन्हा फडात उभी राहत नाहीत. तिथंच ती भीती मोडायची असते, असं मी तोवरच्या आयुष्यात शिकलो होतो.

"पाच टाकं पडल्यात मर्दा, पाच! त्यात एवढा गळाटलास? सांगू का पोरास्नी, हौदा मोकळा ठेवा म्हनून?"

तो हसला. तेवढ्या दुखण्यात तो हसला.

"तसं न्हाई वस्ताद. जरा ठनकतंय म्हनून बोललो."

"ठनकनारच. हाड मोडलंय, शेंगदाना न्हवं. आता डाक्टर येतील, त्यांच्याफुडं रडगानं लावू नगंस. तालमीचं नाव हाय."

"न्हाई लावत," तो म्हणाला आणि भिंतीकडं बघत चहा प्यायला. अर्धा कप तसाच ठेवला.

आठ वाजता पाटोळे सिस्टर सुई घेऊन आल्या. बाई कडक, पण हाताला माया होती. "काय पैलवान, दुखतंय का? डॉक्टरांना सांगून औषध वाढवून घेऊ?"

"नगं सिस्टर. बरं हाय."

साडेनऊला डॉक्टर आले. त्यांनी चादर बाजूला केली, बँडेजच्या कडेनं पोटरीवर हात ठेवला आणि दाबून बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"घट्ट लागते."

मी पुढं झालो. माझ्या पोराच्या पायाला कुणी नाव ठेवतंय असंच मला वाटलं. "सायेब, रोजच्या दोन हजार बैठकांची पोटरी हाय ती! दुसरी बगा की दाबून. दगुडच हाय."

डॉक्टरांनी दुसरी दाबून बघितली. तीही घट्टच होती.

"इंद्रजित, एक ते दहा असं माप धर. दहा म्हणजे जीव जाईल इतकं. किती दुखतंय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं.

"दोन," तो म्हणाला.

"नक्की? दुखणं सांगण्यात कमीपणा नसतो बरं का."

"दोनच सायेब."

मग डॉक्टरांनी त्याच्या पायाचा अंगठा धरला आणि हळूच वर ओढला. त्यांची नजर पायावर होती. माझी इंद्रजितवर होती. त्याचा डावा हात पलंगाच्या कडेला, माझ्या बाजूला होता. त्या हातानं लोखंडी गज असा आवळला की बोटांची पेरं पांढरी पडली आणि मानेची शीर टरारून वर आली. तोंडातून आवाज नाही. चेहरा ढळला नाही.

आणि मला काय वाटलं? मला अभिमान वाटला. छाती भरून आली माझी. मनात म्हटलं, ह्याला म्हणतात पैलवान.

"दुखलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई सायेब."

"दुपारी ऑपरेशनं आटोपली की परत बघतो. मधे वाढलं तर लगेच सिस्टरना सांग." ते गेले. मी इंद्रजितच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, "शाब्बास." त्यानं डोळे मिटून घेतले.

दुपारी तो जेवला नाही. अंडी तशीच राहिली. मी पेपर वाचून दाखवला, कुठल्या यात्रेत कुणाची जोड ठरली ते सांगितलं. तो हुं हुं करत होता. अडीचच्या सुमारास तो आपणहून म्हणाला, "वस्ताद, आता कमी झालं."

"बग! म्हनलं न्हवतं?"

"जरा बधिर बधिर वाटतंय. पाय माझा न्हाईच असं."

"निजल्यानं झालं आसंल," मी म्हणालो, आणि निवांत मनानं खाली जाऊन वडापाव खाऊन आलो. तो वडापाव मला आजही आठवतो, कारण भूक लागून, चवीनं असं मी त्यानंतर पुष्कळ दिवस काही खाल्लं नाही.

चार वाजता पाटोळे सिस्टर ताप बघायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "अंगठा हलव बघू."

इंद्रजित पायाकडं बघत होता.

"हलव की रे."

"हलवतोय की सिस्टर."

अंगठा हलत नव्हता. सिस्टरांनी वाकून पावलाला हात लावला. मग हातातला ट्रे त्यांनी तसाच माझ्या खुर्चीवर टाकला आणि त्या जिन्याकडं पळत सुटल्या. त्या बाईंना मी पळताना पहिल्यांदाच बघितलं.

अर्ध्या तासात इंद्रजित पुन्हा आत गेला. या वेळी कातडीखालून काही सरकवायचं नव्हतं. पोटरी दोन्ही बाजूंनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उघडली. दीड तासानं डॉक्टर बाहेर आले आणि बाकावर माझ्या शेजारी बसले. डोक्यावरची टोपी काढायचं त्यांना भान नव्हतं.

"मांस काळं पडायला लागलंय वस्ताद. थोडं जिवंत आहे. बघू."

"पाय ऱ्हाईल न्हवं?"

"बघू म्हटलं ना." ते खाली फरशीकडं बघत राहिले. "ह्या दुखण्यानं माणसं गुरासारखी ओरडतात. भिंतीवर डोकं आपटतात. हा दोन म्हणाला मला. दोन! असं कसं होईल?"

"आमच्यात बोलत न्हाईत सायेब," मी कसाबसा म्हणालो. ते खरं होतं आणि तरी अर्धंच होतं. त्यानं सकाळी सात वाजता मला सांगितलं होतं. सातपासून चारपर्यंत नऊ तास. डॉक्टर म्हणाले होते, काही तासच हातात असतात.

हौसाक्का त्याच संध्याकाळी आली. पुढं रोज मलमपट्टीला त्याला आत न्यायचे, रोज थोडं थोडं मेलेलं मांस काढायचे. पाचव्या दिवशी ताप चढला, पायाला वास यायला लागला. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी हौसाक्काला सांगितलं की आता पाय ठेवला तर पोर जाईल. तिला सही येत नव्हती. तिचा अंगठा मी धरून कागदावर उमटवला. उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढला.

याला एकोणीस वर्षं झाली. इंद्रजित आज बाजार समितीत गुळाच्या काट्यावर बसतो. बायको चांगली मिळाली, दोन मुली आहेत. दर दसऱ्याला तो माझ्या घरी येतो. कृत्रिम पाय बाजूला ताठ टाकून, दाराची चौकट धरून खाली वाकतो आणि माझ्या पायाला हात लावतो. मी नको नको म्हणतो, तो ऐकत नाही. तालमीतला तो रिवाज मी त्याच वर्षी बंद केला. पोरं विचारायची, का बंद केला? मी सांगायचो, जमाना बदलला. कुणालाच मी खरं कारण सांगितलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. ती परवा गेली आणि तिच्याबरोबर माझं ऐकून घेणारं शेवटचं माणूस गेलं, म्हणून आता हे लिहून काढतोय.

पण खरं सांगायचं ते हेही नाही. ते आठव्या दिवशी घडलं.

इंद्रजितला शुद्ध नीट आली होती, तापही उतरला होता. चादर उजव्या बाजूला सपाट पडली होती आणि आम्ही तिघंही तिकडं बघायचं टाळत होतो. हौसाक्का उशाशी उभी राहून त्याला चमच्यानं पेज भरवत होती. मी पायथ्याशी. डॉक्टर आले, मागं पाटोळे सिस्टर. आठ दिवसांत डॉक्टरांची दाढी वाढली होती.

"इंद्रजित, मला तुला एक विचारायचंय." ते पलंगाच्या कडेला बसले. "पोटरी घट्ट लागली तेव्हाच मी ती उघडायला हवी होती. तुझ्या शब्दावर गेलो, ही माझी चूक. ती मी मानतो, तुझ्या आईलाही सांगितलीय. पण माझ्या माणसांचं काही चुकलं असेल तर मला कळलं पाहिजे. सिस्टर म्हणतात, तू त्यांना एकदाही सांगितलं नाहीस. खरं आहे?"

"खरं हाय. त्यास्नी काय बोलू नगासा."

"मग दुसऱ्या कुणाला सांगितलं होतंस? कुणालाही? त्या दिवशी सकाळी?"

इंद्रजितनं माझ्याकडं बघितलं.

मी पलंगाचा गज धरून उभा होतो. चांगल्या माणसाला त्या वेळी काय वाटलं असतं? त्याला वाटलं असतं, सांग पोरा, माझं नाव घे, मोकळा हो. मला तसं वाटलं नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. सांगू नगंस इंद्या, एवढं सांगू नगंस, असं मी त्या पाय गेलेल्या पोराला डोळ्यांनी विनवत होतो. त्याला ते कळलं. आठ वर्षं माझ्या डोळ्याच्या इशाऱ्यावर डाव टाकलेला पोरगा तो, त्याला कळणारच.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "कुनालाच सांगितलं न्हाई."

हौसाक्काच्या हातातला चमचा खाली पडला. तिनं पोराच्या दंडावर फाडकन चापट मारली, मग दुसरी मारली.

"तोंडाला काय कुलूप हुतं काय रं तुझ्या? मी न्हवते तर न्हवते, वस्ताद बसलं हुतं न्हवं उशाला! दिसभर बसलं हुतं! त्यास्नी एक शब्द सांगितला असतास तर पाय ऱ्हायला असता रं माझ्या बाळा!"

"चुकलं आये," इंद्रजित म्हणाला.

"चुकलं म्हनतोय बगा! चुकलं!" ती त्याच्या छातीवर डोकं टेकवून रडायला लागली आणि तो एका हातानं तिच्या पाठीवर थोपटत राहिला. डॉक्टर उठून खिडकीशी गेले. सिस्टरांनी पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं हौसाक्का सावरली. डोळे पुसून ती माझ्याकडं वळली आणि तिनं हात जोडले.

"आठ दिस डोळ्याला डोळा लावला न्हाईसा वस्ताद तुमी. सख्ख्या बापानं केलं नसतं एवढं. तुमी तरी काय करनार? ह्यानं सांगितलं तर कळंल न्हवं मानसाला?"

इंद्रजित छताकडं बघत होता. बोलायला मला तेव्हाही वेळ होता.

"व्हय हौसाक्का," मी म्हणालो. "सांगायला पायजे हुतं त्यानं."